पिल्लू थरथरते तेव्हा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास वैजापूरच्या एका वाचक ताईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने शाळेतून येताना एका रिकाम्या कांदा चाळीतून कुत्र्याचे पिल्लू उचलून आणले होते. अंग मातीने आणि पिसवांनी भरलेले, म्हणून ताईंनी त्याला साबण लावून चांगली आंघोळ घातली, वाटीभर दूध पाजले आणि ओसरीत पोत्यावर ठेवले. तासाभरात ते थरथर कापू लागले. शेजारीण म्हणाली, "हे पिसाळणार, आत्ताच्या आत्ता लांब नेऊन टाका." सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली. दीर म्हणाला, "चमचाभर दारू पाजा, अंगात गरमी येईल." मुलगा कोपऱ्यात रडत बसलेला. ताईंनी आम्हाला एवढेच विचारले, "घरात लहान लेकरं आहेत. ठेवू का टाकू?"

हिवाळ्यात असे फोन आम्हाला दरवर्षी येतात, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडच्या गावकुत्र्या बहुतेक पावसाळा सरता सरता माजावर येतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी कुत्री विते. म्हणजे पिल्ले जन्मतात ती नेमकी दिवाळी ते संक्रांतीच्या थंडीत. मराठवाड्यात या दिवसांत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. रिकाम्या चाळी, उसाच्या पाचटाचे ढीग, बांधकामावरच्या वाळूचे ढिगारे अशा आडोशाला ती वाढतात आणि पोरांच्या नजरेला पडतात. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही या एकाच प्रश्नाला दिले आहे.

थरथर हा स्वतः आजार नाही. ताप किंवा खोकला जसा अनेक कारणांनी येतो, तशीच ही एक खूण आहे. थंडी वाजली की शरीर स्नायूंना भराभर आकुंचन-प्रसरण करायला लावते आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. ही थरथर म्हणजे शरीराची शेकोटी. पण भीतीनेही अंग कापते, रक्तातली साखर उतरली तरी कापते, पोटात विष गेले तरी कापते आणि मेंदूला विषाणूची बाधा झाली तरी कापते. बाहेरून सगळे सारखे दिसते. फरक कळतो तो सोबतच्या खुणांवरून, आणि त्या घरातल्या माणसालाच आधी दिसतात.

आम्ही ताईंना तीन गोष्टी विचारल्या. पिल्लाला दात आले आहेत का? आंघोळीनंतर ते नीट कोरडे केले होते का? आणि हाक मारली की मान उचलून बघते का? दात आले होते. अंग फडक्याने वरवर पुसले होते, पोटाखालची लव ओलीच होती. हाक मारली की बघत होते, पण उभे राहताना झोकांड्या जात होत्या. शेवटचे उत्तर ऐकून आम्हाला काळजी वाटली. ती का, हे आता सांगतो.

थंडी आणि आंघोळ

पिल्लाचे डोळे जन्मानंतर १० ते १४ दिवसांनी उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. हे पिल्लू महिना-सव्वा महिन्याचे असणार. या वयाच्या पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे उष्णता भराभर बाहेर जाते. आईजवळ असताना पाच-सहा भावंडे एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात, तीच त्यांची गोधडी. आपण त्यातले एकटेच उचलून आणतो आणि वर त्याला भिजवतो. ओल्या अंगावरचे पाणी वाळताना शरीराची ऊब घेऊन जाते. पाणी गरम होते म्हणून काही फरक पडत नाही.

म्हणून आणल्या दिवशी आंघोळ नको. अंग फारच घाण असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. पिसवा-गोचीड बोटांनी किंवा बारीक फणीने काढता येतात. रॉकेल, फिनेल, डीडीटी, घरातली झुरळाची फवारणी यांतले काहीही अंगाला लावू नये. कुत्रे अंग चाटते, ते पोटातच जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरताच येत नाही, ती क्रिया शरीरात अजून सुरू झालेली नसते. डोळे मिटलेले पिल्लू गार पडले की ते कापत नाही, आधी केविलवाणे ओरडते आणि मग गप्प होते. लोक म्हणतात, शांत झोपले. ते झोपलेले नसते. हात लावून पाहा, पोट आणि तोंड गार लागले तर ते मरणाच्या वाटेवर आहे. त्या मानाने थरथरणारे पिल्लू बरे म्हणायचे, त्याचे शरीर अजून झगडते आहे.

ऊब देण्याची सोपी रीत अशी. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, खाली गोणपाट आणि वर जुन्या लुगड्याची घडी. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. चुलीजवळ किंवा शेगडीला टेकवून ठेवू नये, अशक्त पिल्लू भाजले तरी हलत नाही. हळूहळू ऊब द्यावी. थंडीची थरथर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात ती कमी होते.

दारूचे म्हणाल तर ती गरमी खोटी असते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते आणि आतली ऊब उलट बाहेर निघून जाते. शिवाय ती रक्तातली साखर उतरवते. महिन्याच्या पिल्लाला चमचाभर दारू जीवघेणी ठरू शकते. हा सल्ला देणारे वस्तीत दर दोन घरांआड भेटतात, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

साखर उतरली तर

मोठे कुत्रे दिवसभर उपाशी राहिले तरी निभावते, कारण त्याच्या यकृतात साखरेचा साठा असतो. पिल्लाचे यकृत लहान, साठा नावापुरता. थंडीत कापत राहिले की तोही जळतो. आईपासून तुटलेले, जंतांनी पोखरलेले, जुलाब झालेले पिल्लू काही तासांच्या उपासानेही कोसळते. त्याच्या खुणा: मान हलते, डोळे झापडलेले, चालताना दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या, पुढे झटके आणि बेशुद्धी. झोकांड्यांचे ऐकून आम्हाला काळजी वाटली ती यासाठी.

त्या वेळी घरात जे आहे त्यानेच भागते. चमचाभर साखर थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, किंवा मध असेल तर मध, कापसाच्या बोळ्याने हिरड्यांना आणि गालाच्या आतल्या बाजूला लावावा. तिथूनही थोडी साखर रक्तात जाते. शुगर-फ्रीच्या गोळ्या चालत नाहीत. काहींमध्ये झायलिटॉल नावाचा पदार्थ असतो, तो कुत्र्याची साखर आणखी पाडतो. झटके चालू असताना तोंडात बोट घालू नये. आणि बेशुद्ध किंवा गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आधी ऊब, मग साखर, मग डोळे उघडून चाटू लागले की खाणे. हा क्रम उलटा झाला तर गार पडलेल्या पोटात अन्न तसेच पडून राहते.

खाण्याबद्दल आपल्याकडे दोन सवयी आहेत, दूध आणि चहा-बिस्कीट. कुत्रीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा चरबी आणि प्रथिने दुपटीच्या आसपास असतात, उलट गायीच्या दुधातली साखर पिल्लांना नीट पचत नाही आणि जुलाब होतात. दात आलेल्या पिल्लाला मऊ भात आणि कुस्करलेले उकडलेले अंडे, किंवा बिनमिठाचे उकडलेले चिकन भाताबरोबर, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्यावे. पाण्याची वाटी शेजारी हवी. दात न आलेल्याला मात्र दूधच लागते. पिल्लांसाठीची दूध पावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. ते पाजताना पिल्लू पोटावर असावे, तान्ह्या बाळासारखे पाठीवर निजवू नये. तीन आठवड्यांच्या आतले असेल तर ओल्या कोमट कापसाने त्याची शी-शूची जागा हलके पुसावी लागते. एरवी आई चाटून ते करते, त्याशिवाय त्याला होतच नाही. चहा मात्र नकोच.

भीती

ऊब दिली, पोट भरले, तरी पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू कापते आणि कुईकुई करते. शेपूट पोटाखाली, कान मागे, कोपऱ्यात अंग चोरून बसणे या भीतीच्या खुणा. जन्मापासून ते कधी एकटे झोपलेलेच नसते. त्याला अंधाऱ्या ओसरीत ठेवण्यापेक्षा घरातल्या कोणाच्या अंथरुणाजवळ खोके ठेवावे. चार पोरांनी एकाच वेळी हाताळणे, वस्तीभर दाखवत फिरवणे थांबवावे. थरथरते म्हणून ओरडू किंवा मारू नये, त्याने भीती पक्की बसते. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात कुत्र्याला माणसांची ओळख होते, आणि त्या काळात माणसाचा जो अनुभव येतो तो जन्मभर टिकतो. पुढे अंगावर येणारी कुत्री पुष्कळदा या वयात मार खाल्लेली असतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा १ जानेवारीला भीमा कोरेगावला अख्खे घर जाते, तेव्हा पिल्लाला कोंडून, दोन दिवसांचे अन्न ठेवून जाऊ नये. या वयात एक रात्रही फार असते. शेजारी सांगून जावे, नाहीतर पिल्लू परतल्यावरच आणावे.

कुत्रे पाळणे हे श्रीमंतांचे चोचले, असेही आम्हाला ऐकवले जाते. राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र पुष्कळ घरांत भिंतीवर आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टॉबी. बहुतेकांच्या नजरेतून टॉबी सुटतो.

झोपेत पाय झाडणे, ओठ हलवणे, अंगाला हिसके बसणे हे मात्र बहुधा चांगले लक्षण आहे. वाढत्या वयात मेंदू झोपेत फार काम करतो. हाक मारल्यावर जागे होऊन नेहमीसारखे वागले तर काळजी नको.

आजाराची थरथर

ऊब, साखर, खाणे देऊनही थरथर थांबली नाही, तर आजार धरून चालावे. सगळ्यात सामान्य कारण जंत. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, अंकुशकृमी दुधातून. हात-पाय काडीसारखे आणि पोट ढोलासारखे दिसले तर जंत आहेतच. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी असाव्यात, पांढुरक्या असतील तर अंकुशकृमींनी किंवा पिसवा-गोचिडांनी रक्त शोषले आहे. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी देतात, पण मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांकडूनच घ्यावे. पिल्लाच्या विष्ठेतली गोलकृमींची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी.

मानेखालची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच बसली नाही तर अंगातले पाणी कमी झाले आहे. रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब आणि ओकारी म्हणजे पार्व्हो. त्यात एका दिवसात पिल्लू जाते, सकाळची वाट पाहू नये. नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, आणि मग एखादा पाय किंवा जबडा ठरावीक तालात उडत राहणे, अगदी झोपेतसुद्धा, हे डिस्टेंपरचे लक्षण. यावर नेमके औषध नाही, लस मात्र आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांपर्यंत देतात.

मग विषबाधा. आपला भाग कापसाचा, कांद्याचा. फवारणीचे रिकामे डबे, उंदराच्या औषधाच्या पिठाच्या गोळ्या बांधावर पडलेल्या असतात. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, अंग ताठणे अशा खुणा दिसल्या तर औषधाचा डबा किंवा पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा. गायी-म्हशींच्या गोचिडावरचे औषध तेवढ्याच मात्रेत पिल्लाला चोळणे, ही घरात होणारी विषबाधा. बुरशी आलेल्या भाकरीनेही कुत्री थरथरतात. आणि ताप आहे असे वाटून माणसाची तापाची गोळी देऊ नका. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, ते आपल्या हाताला नेहमीच गरम लागते. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरते, अंगदुखीच्या गोळ्या त्याहून वाईट.

डॉक्टरांकडे जाताना थरथरीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती अनेकदा थांबलेली असते आणि तुमच्या सांगण्यापेक्षा तो अर्धा मिनिट डॉक्टरांना जास्त सांगतो. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गायी-बैलांचाच असतो, असा समज आहे. कुत्र्यांवरही तिथे उपचार होतात.

पिसाळण्याची भीती

शेजारणीची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. रेबीज एकदा लक्षणांपर्यंत पोहोचला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लहान पिल्लांनाही तो होतो. आईला किंवा पिल्लाला पिसाळलेले कुत्रे चावले असेल तर महिना-दोन महिन्यांच्या पिल्लातही तो दिसू शकतो. पण थरथरते म्हणजे पिसाळले, असा अर्थ नाही. रेबीजमध्ये वागणे बदलते. विनाकारण चावा, दगड-काड्या चघळणे, आवाज घोगरा होणे, मागचे पाय लुळे पडणे, आणि काही दिवसांत मृत्यू. एका प्रकारात कुत्रे शांतच राहते, फक्त जबडा लोंबतो आणि लाळ गळते. घशात हाड अडकले असे वाटून लोक तोंडात हात घालतात, तिथे घात होतो. पिसाळलेले कुत्रे पाण्याला घाबरते, हाही गैरसमज. पाण्याची भीती माणसाला वाटते, कुत्रे पाणी प्यायला जाते, पण त्याला गिळता येत नाही.

म्हणून पिल्लाकडे बघण्याआधी मुलाचे हात बघावेत. आम्ही ताईंना तेच सांगितले. मुलाच्या मनगटावर दोन ओरखडे निघाले, दात लागल्याचे. रक्त आले नव्हते म्हणून तो घरी काही बोलला नव्हता.

दात किंवा नख लागले की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात. चुना, हळद, मिरची, तेल काही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, सरकारी रुग्णालयात जावे. वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. दंडात द्यायची असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक. जखमेतून रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ लागली असेल, तर जखमेभोवती सीरमचे इंजेक्शनही लागते, ते आवर्जून विचारावे. पोटातली १४ इंजेक्शने हा प्रकार वीस वर्षांपूर्वी बंद झाला आहे, पण त्याच्या धास्तीने अजूनही मुले ओरखडे लपवतात. नुसते धडधाकट कातडीवर चाटले तर धुणे पुरते, लस लागत नाही.

पिल्लाला टाकून देण्यात एक मोठा तोटा आहे. चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिले तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता, असे डॉक्टरांना ठरवता येते. टाकून दिलेल्या पिल्लाचे काय झाले, हे कळायला मार्ग नाही. मात्र लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही, दोन्ही बरोबर चालते. तोवर पिल्लू एका खोक्यात, एकाच मोठ्या माणसाच्या हाताखाली, मुलांपासून वेगळे असावे.

त्या रात्री ताईंनी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून कापसाने साखरपाणी लावले. अकराच्या सुमारास पिल्लाने बोळा चाटायला सुरुवात केली. सकाळी मुलगा रुग्णालयात गेला आणि पिल्लू पशुवैद्यकीय दवाखान्यात. हिरड्या पांढरट होत्या, जंताचे औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले. दहा दिवस झाले, ते खाऊन-पिऊन नीट होते. मुलाची २८ व्या दिवसाची लस जानेवारीत झाली. पिल्लाला पहिली एकत्रित लस मिळाली आहे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, म्हणजे फेब्रुवारीत. तारीख ताईंनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. सासूबाई आता त्याला चहात बुडवलेले बिस्कीट देतात, ते बंद करायला काही त्यांना अजून जमलेले नाही.